'रा' म्हणजे 'ऱ्हा' नव्हे

तीर्थरूप रामहरीमामांना महिपतीचा सोलापुराहून वाकून नमस्कार. मी खुशाल आहे. तुमच्या गुडघ्याला उतार पडला असेल (नसला तरी मामींना पडला असेच सांगावे, नाहीतर त्या पुन्हा बिब्बा घालतील). बातमी चांगली आहे. आहेरचोर सापडला. मी त्याच्यापर्यंत वेळेवर कसा पोचलो नाही, ते सविस्तर लिहितो.

या लग्नसराईत मांडवांतून आहेराची गाठोडी नाहीशी होत होती. ठाण्यातल्या साहेबांनी मला आणि नरसय्याला बजावले, की चोर मिळाला नाही तर साधा वेष उतरवायचा आणि चौकात उभे राहून रहदारी हाकायची. नरसय्या माझा जोडीदार. तेलुगू विणकराचा मुलगा, उंच आणि घाईचा. मी बुटका आणि विचार करणारा (तो म्हणतो, झोपणारा). सरकारी नोकराने दुसरा धंदा करू नये, हा नियम आम्ही दोघेही मोडतो आणि एकमेकांना कळू देत नव्हतो. मी मंगलाष्टके रचून म्हणतो. परवा पाळतीवर जातो असे सांगून भवानी पेठेतल्या एका लग्नात अंतरपाटाशेजारी उभा राहिलो आणि सहज बँडकडे पाहिले, तर तांबडा कोट, खांद्यावर जरीचे झुपके आणि क्लॅरिनेट फुंकणारा नरसय्या. त्याने मला पाहिले. सूर फाटला.

तेवढ्यात एक गृहस्थ गाठोडे उचलून शांतपणे बाहेर चालू लागला. नरसय्या वाद्यासकट त्याच्यामागे धावला आणि मला ओरडला, "रा! रा!" तेलुगूत याचा अर्थ 'ये'. आपल्या कानांना ते 'ऱ्हा', म्हणजे 'थांब'. मी थांबलो (आणि आणखी एक अष्टक म्हटले, मध्येच सोडणे अशुभ). पण मामा, चोरही आपल्याच भागातला. तोही थांबला. संकोचून म्हणाला, "न्हाय हो, जेवायला कशाला ऱ्हाऊ? घरी वाट बघत्यात की."

नरसय्याने त्याची मानगूट धरली. मी पोचलो.

"बोलावलं तर गात बसतो व्हय रे?"

"तूच ऱ्हा म्हनलास. ऱ्हायलो."

"पोलिसात हाईस का भजनात?"

"आन् तू? ह्यो कोट कुनाचा?"

चोर मध्येच म्हणाला, "गाता लई ग्वाड, पावनं."

ठाण्यावर साहेबांनी पाठ थोपटली. मग त्यांची नजर तांबड्या कोटावर गेली, तिथून माझ्या डोक्यावरच्या अक्षतांवर. धंदा उघडा पडला असता तर रहदारीसुद्धा मिळाली नसती. मी म्हटले, लग्न घरचेच होते, हौसेने गायलो, याने मैत्रीखातर वाजवले. घरच्या लग्नातही चोर धरला, म्हणून साहेबांचे डोळे भरून आले. आम्ही अजून साध्या वेषात आहोत.

थोरांच्या पाया पडतो, पोरांचे गालगुच्चे घेतो.

तुमचा,
महिपती

ता. क. साहेब येत्या रविवारी आहेर घेऊन मंगळवेढ्याला तुमच्याकडे येत आहेत. दाराला तोरण बांधून ठेवावे.

आणखी ता. क. त्यांनी नवरदेवाचे नाव विचारले तेव्हा गडबडीत तुमचेच तोंडी आले. मुंडावळ्या नकोत, नवा फेटा पुरे.

शेवटचे ता. क. मामींना थोडे लाजायला सांगावे आणि नातवंडे शेजाऱ्यांकडे ठेवावीत. त्या तुमच्या जुन्याच बायको आहेत असे साहेबांना कळले, तर नवी नवरी कुठे गेली याचा तपास आम्हा दोघांकडेच येईल.