पहिल्या पानावरचा खुनी

२ मार्च १८९१, सोमवार
आजपासून रोजनिशी. डिटेक्टिव्हाच्या नोंदी पुढे कामाला येतात.
प्रकरण असं. रेडगम फ्लॅट या आमच्या खाणगावच्या वाचनालयातल्या डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांत कुणीतरी पहिल्याच पानावर पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवतं. एकवीस पुस्तकं नासली. सभासद माझ्यावर खेकसतात. अध्यक्ष मॅकऑलींनी आज बजावलं, पास्को, तीस तारखेच्या सभेपर्यंत हा माणूस धरा, नाहीतर किल्ल्या ठेवा आणि ग्रंथपालाची खुर्ची सोडा. म्हटलं, आठवडा पुरे.

५ मार्च
संशयित: हेडमास्तर डनस्टन. प्रवचनांच्या पुस्तकाखाली लपवून खुनाच्या कादंबऱ्या नेतात. खोटी दाढी लावून मागोमाग गेलो. चौकात वळून म्हणाले, पास्को, दाढी डावीकडून सुटलीय हो. योगायोग.

९ मार्च
सगळ्यांच्या पेन्सिली तपासल्या. हॉटेलवाली मिसेस गिलिगन म्हणाली, आधी स्वतःचा खिसा बघ, मेल्या! बघितला. पाच निघाल्या. त्या पुराव्यातून वगळल्या.

१३ मार्च
सापळा! मी स्वतः लिहिलेली नवी कोरी कादंबरी, ‘खाणीतला खंजीर’, फळीवर ठेवली. बदमाशाला मोह आवरणार नाही. प्रत्येक वाचकानंतर पहिलं पान तपासायचं. नाव उमटलं की ज्यानं पुस्तक नेलं तोच गुन्हेगार.

१९ मार्च
चौघांनी नेली. चौघांनी दुसऱ्याच दिवशी परत आणली. एका बैठकीत संपवली असणार. पान कोरं.

२४ मार्च
आणखी तिघं, त्यात म्हाताऱ्या ट्रेम्बाथची बायको. पान कोरंच. अर्थ उघड आहे: माझ्या खुन्यापुढे बदमाशानं हात टेकले.

२८ मार्च
ट्रेम्बाथ स्वतः आला. खाणीच्या धुळीनं त्याची छाती गेलीय. दारापासून टेबलापर्यंत यायला दोनदा बसला. म्हणाला, पेन्सिल माझी रे बाबा. डॉक्टर म्हणतो, हिवाळा काही दिसायचा नाही. पुस्तक अर्धं असताना गेलो, तर खून कुणी केला ते न कळताच जायचं? म्हणून हिला आधी शेवटचं पान वाचायला लावतो आणि नाव पहिल्या पानावर लिहून ठेवतो, विसरायला होतं ना. तुझी खुर्ची जातेय म्हणे, तर सांग बिनधास्त सभेत माझं नाव.
फार वाईट वाटलं. तरी कर्तव्य म्हणून विचारलं, मग माझ्या पुस्तकावर का नाही लिहिलंत?
बराच वेळ खोकला. मग म्हणाला, त्यातला खुनी नाही कळला तरी सुखानं जाईन, लेका.

३० मार्च
सभा. मॅकऑलींनी विचारलं, कोण तो? नाव सांगितलं असतं, तर डनस्टननं विचारलंच असतं की पास्कोचं पुस्तक कसं सुटलं. म्हटलं, सापडला नाही. किल्ल्या टेबलावर ठेवल्या. मरणाऱ्या माणसाची अब्रू राखली. कारण तेवढंच, अशी नोंद असावी.
येताना माझं पुस्तक उचलून आणलं. घरी उघडून पाहिलं. सोळाव्या पानापुढची पानं छापखान्यातून आली तशीच कडेला जोडलेली आहेत. वाचायची तर आधी सुरीनं कापून सुटी करावी लागतात. सुरी कुणीच लावलेली नाही.