कळ आली तर सांगा

१२ फेब्रुवारी २००७
उद्या ऑपरेशन. मणक्यातली गादी सरकून डाव्या पायाची नस दाबली आहे. डॉक्टर म्हणाले, करंगळीएवढं भोक पाडायचं, त्यातून दुर्बीण घालायची. तेवढीच जागा बधिर करणार — मी जागा! पायात कळ आली की लगेच सांगायचं, म्हणजे नस जवळ आहे हे त्यांना समजेल. शिकलेले ते आणि वाट दाखवायची मी? ललिता म्हणते, तुमच्या एसटीत कंडक्टर तुम्हाला बेल मारतो तसं समजा. बायकोला सगळंच सोपं वाटतं.

१३ फेब्रुवारी
झालं. पालथा पडून होतो. दुर्बिणीच्या टीव्हीवर पांढरं, कापसासारखं काहीतरी ओढून काढताना दिसलं. माझंच!

१४ फेब्रुवारी
दुखणं गेलं. पण डावं पाऊल वर उचलत नाही. हे बरं झालं की वाईट? डॉक्टरांनी टाचणी टोचून पाहिली. त्यांनाही उमगेना. म्हणाले, "नागसेनराव, कळ आल्याचं तुम्ही एकदाही बोलला नाहीत."

१८ फेब्रुवारी
घरी. गडमुडशिंगीहून मेहुणा आला, प्रसेनजीत. "दाजी, त्या डॉक्टरला सोडायचं न्हाय. पाय घालवला की तुमचा." ललिता रडली. एसटीचा क्लच डाव्या पायानं दाबतात. पाऊल असंच राहिलं तर ड्रायव्हरकी संपली.

१९ फेब्रुवारी
लिहूनच टाकतो. कळ आली होती. तीनदा! कमरेपासून अंगठ्यापर्यंत वीज गेली. डॉक्टर विचारत होते, दुखतंय का? मी प्रत्येक वेळी — न्हाय साहेब.
का म्हणालो? डेपोच्या मेडिकल तपासणीला सव्वीस वर्षं हेच सांगत आलो. दुखतं म्हटलं की गाडीवरून खाली उतरवतात. जिभेला तेच वळण. की भ्यालो? की एवढा शिकलेला माणूस, त्याचं काम कशाला अडवा? डोकं चालत नाही.

२३ फेब्रुवारी
प्रसेनजीतनं तक्रारीचा अर्ज टाइप करून आणला. 'पेशंट ओरडत असतानाही डॉक्टरांनी लक्ष दिले नाही.' मी ओरडलो असं त्याला कोणी सांगितलं? कोणीच नाही. पण खरं सांगितलं तर ललिता काय म्हणेल? डॉक्टर कालही घरी येऊन पाय बघून गेले. झोप लागत नाही म्हणाले. मला त्यांच्याकडे बघवेना.

२४ फेब्रुवारी
सकाळी सही केली. प्रसेनजीत अर्ज घेऊन गेला.
दुपारी अंगठा हलला. डाव्या पायाचा! डॉक्टरांना कळवायला हवं — कुठल्या तोंडानं?