भागवतसाठी आईचा अर्ज

४ मार्च २०२४, सोमवार

आई तुरुंगात जाऊन आली. लातूरला, चर्चच्या पाळकसाहेबांबरोबर. शमूच्या खुन्याला भेटायला!

शमू माझा धाकटा भाऊ. तो आणि त्याची सहा वर्षांची सृष्टी — दोघांनाही भागवतनं मारलं. टेम्पो दोघांच्या भागीत होता, त्यावरून भांडण. तीन वर्षं झाली. गेल्या आठवड्यात कोर्टानं त्याला दोषी ठरवलं. वीस तारखेला शिक्षा. सरकारी वकील फाशी मागणार आहेत. मागू देत!

आणि आई काय सांगते? "लई वाळलाय गं. मला माय म्हनला."

माय! शमूचा शब्द. मीसुद्धा आईच म्हणते.

धपाटे करून नेले होते. गेटवर अडवले. तेच परत आणून माझ्या ताटात वाढले. मी हात लावला नाही. बी.एड.ला दोन वर्षं नांदेडला होते, तेव्हा एकदा तरी आली होती का धपाटे घेऊन?

६ मार्च

रोज संध्याकाळी घरात प्रार्थना होते. मी बायबल वाचते, मग आई एकेकाचं नाव घेऊन मागते. शमू-सृष्टी प्रभूजवळ आहेत, त्यांच्यासाठी काही मागायचं राहिलेलं नाही. मग पहिलं नाव कुणाचं यायला हवं?

आज पहिला भागवत. मग भागवतची आई. मग मी. तिसरी!

१० मार्च, रविवार

उपासना झाल्यावर चर्चच्या ओट्यावरच जुंपली. शेषेरावकाका, आमच्या मंडळीचे पंच, पोलिसातून निवृत्त. म्हणाले, "सरकार देवानंच नेमलंय. वाईट करनाऱ्यासाठी त्याच्या हातात तलवार दिली हाय. बायबलात पौलानंच लिवलंय. आपन मदी पडायचं न्हाई."

पाळकसाहेब म्हणाले, "प्रभूलाबी सरकारनंच शिक्षा दिली हुती, काका. तीबी कायद्यानंच."

"मग काय कोर्टं बंद करावी का?"

सगळे आईकडे बघायला लागले. ती चपला शोधत होती. म्हणाली, "तलवार सरकारचीच हाय. मी कुठं हिसकून घेऊन राहिले? जे म्हनतील ते ऐकीन. पन जन्मठेप द्या म्हनून अर्ज करायला कुनाची मनाई हाय?"

मी काकांच्या बाजूनं मान हलवली. जोरात.

घरी आल्यावर मात्र — खोटं कशाला लिहू? कायदा, शास्त्र, सगळं तोंडदेखलं. मला भागवत आईजवळून जायला हवाय. शमू होता तोवर ती शमूची होती. तो गेला तेव्हा रडता रडता मनात आलं होतं, आता तरी ती माझी होईल. लिहिताना लाज वाटते, पण आलं होतं. आणि त्या जागेवर येऊन बसला कोण!

११ मार्च

शाळेत विनाकारण एका पोरीला रागावले. तिची आई डबा द्यायला आली होती, एवढंच.

१४ मार्च, गुरुवार

आई कागद घेऊन आली. "पुनम, अर्ज लिही. तुझं अक्षर चांगलं हाय."

ती शाळेत कधी गेली नाही. सगळीकडे अंगठाच लावते. ती सांगत गेली — माझं लेकरू गेलं, नात गेली, आता आणखी एका आईचं नको. जन्मठेप द्या. तो आत राहील, पस्तावा करील.

मी लिहीत गेले. पण ती सांगत होती ते नाही. "आरोपीस फाशीचीच शिक्षा व्हावी, ही मयताच्या आईची नम्र विनंती."

तिनं कागद हातात धरला. बराच वेळ. मग शाईत अंगठा बुडवून लावला.

१५ मार्च

अर्धी रजा टाकून लातूर. आईनं अर्ज भागवतच्या वकिलाकडे द्यायला सांगितला होता. मी सरकारी वकिलांना दिला. त्यांनी दोनदा वाचला. "बरं झालं, ताई. याचा उपयोग होईल."

एसटीत उदगीरपर्यंत उभी होते. बसायला जागा होती तरी.

१७ मार्च, रविवार

आज प्रार्थनेत पहिलं नाव माझं! मग शाळेतल्या माझ्या पोरांचं. मग आमेन.

भागवतचं नाव नाही. त्याच्या आईचंही नाही.

हेच तर हवं होतं मला. मग जेवण का गेलं नाही? आईनंही अर्धी भाकरी तशीच झाकून ठेवली.

१९ मार्च, मंगळवार

आईला वाचता येतं! आज तिला एकटीला बायबल वाचताना पाहिलं. महिला मंडळात शिकली, दोन वर्षं झाली.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू इचारलंस कवा?"

म्हणजे अर्ज वाचून अंगठा लावला तिनं. का म्हणून विचारलं. भांडी पुसता पुसता म्हणाली, "माफी त्याला देऊन झाली हाय, ती कोर्टाला काढून घेता येत न्हाई. पन तू लांब जाऊन राहिलीस माझ्यापासून. दोघांतून एकच ठेवायचं आसंल, तर तुलाच ठेवीन की."

नवा अर्ज लिहिलाय. शमूची बहीण म्हणून, जन्मठेपेसाठी. आईच्या अर्जात मी काय केलं तेही त्यात आहे. उद्या पहिल्या एसटीनं जाऊन कोर्टात स्वतः देणार. नोकरीचं काय व्हायचं ते होवो.