आमच्या घरचं पुडकं

२६ फेब्रुवारी १९८४

लटारूभाऊ इराकहून आले! ह्यांच्याच कंपनीत, एकाच खोलीत राहायचे दोघं. काल घुग्घुसला उतरले आणि मला आज नळावर कळतंय. परतणारा माणूस सगळ्यांची पुडकी आणतो — वामनरावांकडे रेडिओ पोचला, रुखमाकडे नायलॉनची साडी. साडी मिरवायला बाईसाहेब सकाळपासून आमच्या दारावरून फिरताहेत! आमचं पुडकं उद्या येईल.

२७ फेब्रुवारी

नाही आलं. सासूबाईंनी लटारूभाऊंसाठी शेवया केल्या होत्या, आम्हीच खाल्ल्या. "माह्या श्रावणची खुशाली सांगाले एवढा वेळ लागते काय?" मी म्हटलं, थकले असतील. दिवाळीपासून ह्यांचं पत्र नाही, आणि बातम्यांत रोज बसऱ्याची लढाई.

२८ फेब्रुवारी

लटारूभाऊ बाजारात दिसले. मी हाक मारली — मोठ्यानं, लाज सोडून. त्यांनी वळून पाहिलं आणि ट्रकच्या धुरळ्यातून पलीकडच्या गल्लीत शिरले. पळालेच! जिवंत माणसाची खुशाली असेल तर कोणी असं पळतं का?

२९ फेब्रुवारी

आज त्यांच्या घरीच गेले. त्यांची बायको अंजनाबाई एरवी चहाशिवाय सोडत नाही. आज दारात आडवी उभी राहिली.

"भाऊ घरी नाईत."

"मग मी बसते."

"नको बाई. घरात पाहुणा बिमार हाये."

आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली — माझ्याकडे पाहून! मी विचारलं, "हे गेले काय? सांगून टाका ना एकदाचं!"

"मले शपथ घातली हाये."

कोणी घातली, ते सांगेना.

सासूबाईंना काही बोलले नाही. विहारात जाऊन बसले, तर रोजची वंदना आठवेना. फार भीती वाटतेय. हातातल्या बांगड्यांकडे पाहवत नाही.

१ मार्च

लटारूभाऊ आले. रिकाम्या हातांनी. "वहिनी, श्रावण माह्यासंगंच आला. माह्याच घरी हाये. वेल्डिंग करताना टाकी फुटली, दोन्ही डोळे गेले. तुमाले तोंड दाखवाले भेते."

अनवाणी पळत गेले. हे भिंतीकडे तोंड करून बसलेले. "इतके दिवस मले जित्तीच मारली तुमी!" म्हणून ओरडले, आणि गळ्यात पडून रडले. सगळ्यांदेखत.

ह्यांनी माझा हात घट्ट धरला. म्हणाले, "माय झोपली की मंग घरी ने मले."