माफीचा सत्कार

४ फेब्रुवारी, मंगळ

ओंकार दोषी. चौघंही दोषी. नातवाचं नाव कोर्टात पुकारताना ऐकलं, या वयात एवढंच बघायचं राहिलं होतं.

येताना गाडीत कुणी बोललं नाही, ओंकारचा बाप दिलीप सोडून. पोटचा आहे म्हणून ऐकते. म्हणे, आई, खुनाचा प्रयत्न उडाला, नुसती गंभीर दुखापत राहिली, म्हणजे निम्मी केस आपण जिंकली. निम्मी! गजाननाचा उजवा डोळा गेला, उजवं कोपर वळत नाही. त्याचं निम्मं कसं काढायचं ते वकिलाला विचार म्हणलं. काच खाली करून बाहेर बघत बसला. धायरी फाट्यापर्यंत.

पोरं एकवीसच्या आतली म्हणून जजबाईंनी शिक्षा आज सांगितली नाही. सरकारी बाई घरी येऊन चौकशी करणार. पोरगा सुधरण्यातला आहे का, घरचं कोण जबाबदारी घेतं का. पटलं तर चांगल्या वागणुकीच्या हमीवर घरी, नाहीतर येरवडा. वकील म्हणाला, आजींची हमी असेल तर वजन पडेल. बापाची का नको? तर बापावरच मारामारीच्या केसेस आहेत.

रात्री ओंकारनं तीन भाकरी खाल्ल्या.

५ फेब्रु., बुध

अडीच वर्षं झाली. आता जो तो आपल्याला पाहिजे तसं सांगतो म्हणून जे झालं ते लिहून ठेवते.

चौघांतल्या बंटीचा वाढदिवस. गल्लीत आडवं टेबल, टेबलावर केक, केक कापायला कोयता. सुरी कमीपणाची वाटते यांना. गजानन आमच्याच वरच्या खोलीत भाड्यानं. वाशीमकडचा. पहिल्या पाळीहून आला, गाडी न्यायला वाट नाही, म्हणाला टेबल थोडं सरकवा. बस. एवढंच. बॅट, स्टंप, पट्टे, हाताला लागेल ते. चौघं मिळून एकाला.

मी हातातलं टाकून बाहेर आले तर पोरगा गटाराच्या जाळीवर पडलेला. आणि केक कुणीतरी उचलून जोत्यावर नीट ठेवलेला. सांडू नये म्हणून. मारामारीत एवढी काळजी केकची.

सगळी गल्ली गॅलरीत उभी होती. कोर्टात एकानंही काही पाहिलं नव्हतं. मेडिकलवाल्याच्या कॅमेऱ्यानं पाहिलं म्हणून निदान केस उभी राहिली.

८ फेब्रु., शनि

घरी बैठक. अण्णा आले होते. वॉर्डातले भावी नगरसेवक, माझे केस काळे होते तेव्हापासून भावी आहेत. म्हणाले, गजाननाकडे जाऊन माफी मागू, कोर्टाला बरं वाटतं. कोर्टाचं जाऊ दे, पण अडीच वर्षांत पहिलं शहाणपणाचं बोलणं. मी लगेच हो म्हणलं. चौघं पोरं आणि मी जातो. चपला बाहेर, पायावर डोकं, परत.

अण्णा हसले. "आजी, रिकाम्या हातानं कसं जायचं? आपल्यात पद्धत हाय."

पद्धत म्हणजे शाल, नारळ, फेटा. फेटा बांधायला फाट्यावरचा माणूस. फोटोवाला बंटीच्या ओळखीचा. मी म्हणलं माफी मागायला चाललाय का उद्घाटनाला. दि. म्हणतो, "आई, तू फक्त बरोबर ये. तुझ्याकडं बघून तो नाही म्हणणार नाही."

म्हणजे मी पण सामानातच. शाल, नारळ, म्हातारी.

९ फेब्रु., रवि

किळस आली. दुसरा शब्द नाही.

गजानन आता वडगावात राहतो, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आई गावाहून आली ती तिथंच राहिली, त्याला एका हातानं भाजी चिरता येत नाही. तीन गाड्या भरून माणसं. त्या माउलीला वाटलं परत मारायला आले. दाराला पाठ लावून उभी राहिली. मी पुढं झाले तेव्हा बाजूला सरली.

खोलीत मावेनात तर बंटीनं त्यांची कॉट उचलून जिन्यात ठेवली. न विचारता. गजाननाला खुर्चीवर बसवलं. फेटेवाल्यानं बांधायला घेतलं, चांगला घट्ट, भगवा, तुरा काढून. फेटा खाली सरकला तो नेमका त्या डोळ्यावर. मी हात घालून वर सारला तर फेटेवाला म्हणतो, आजी, घडी मोडते.

मग अण्णांनी शाल घातली. ओंकारनं नारळ दिला. उजव्या हातात दिला. तो हात वळतच नाही नीट, नारळ निसटून फरशीवर. सगळे थांबले. मला वाटलं आता तरी कुणाला काही वाटेल.

फोटोवाला म्हणाला, "भाऊ, परत एकदा द्या."

परत दिला.

माफी कुणी मागितली नाही. राहूनच गेली. अण्णांनी भाषण केलं, गजाननाच्या मोठ्या मनाबद्दल. टाळ्या पण वाजल्या. त्याचं मन मोठं आहे का लहान, त्याला कुणी विचारलं नव्हतं.

निघताना चहा घ्या म्हणाली त्याची आई. या माणसांना चहा विचारला तिनं. कॉट मी बंटीला परत ठेवायला लावली.

१० फेब्रु., सोम

फाट्यावर फ्लेक्स लागला. भाजी आणायला गेले तेव्हा दिसला. 'मोठ्या मनाच्या माणसाचा जाहीर सत्कार.' अण्णा सगळ्यात मोठे. खाली चौघं पोरं गॉगल लावून, हात जोडलेले. गजानन कोपऱ्यात, पासपोर्टएवढा. त्यालाही गॉगल लावलाय कॉम्प्युटरवर. डोळा दिसू नये म्हणून.

भाजीवाली विचारते, आजी, ओंकार सुटला वाटतं? पेढे कधी?

दि.ला म्हणलं आत्ता काढ ते. "राहू दे चार दिवस. लोकांत मेसेज जातो." कसला मेसेज विचारलं तर फोन घेऊन बाहेर गेला.

ओंकारच्या स्टेटसला पण तेच, वर गाणं लावून. सुनंदानं दाखवलं, घाबरत घाबरत. सून शहाणी आहे पण तिचा आवाज स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर येत नाही.

१२ फेब्रु., बुध

विचार केला, दोष सगळा पोराला कशाला. त्याला कुणी एकट्यानं काही करायला लावलंच नाही कधी. वाढदिवसाला दहा, मारायला चार, माफीला तीन गाड्या. एकटा किती आहे ते बघू.

पिठलं, भाकरी, ठेचा, डबा भरला. म्हणलं वडगावला जा, एकटा. फोन घरी ठेव. गजाननाच्या हातात दे, दोन मिनिटं बस, ये. काय बोलायचं विचारलं त्यानं. म्हणलं, काही नको बोलू, तोंड दाखव.

गेला. तासानं आला. दिला का? हो. काय म्हणाला? "काय नाय, बरं म्हणाला."

मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

१३ फेब्रु., गुरु

आज मीच गेले. त्या फ्लेक्सबद्दल बोलायचं होतं. रिक्षानं गेले, जिना थांबत थांबत चढले.

डब्याचं विचारलं तर त्याची आई म्हणते, कोणता डबा? कोणी आलं नाही.

खाली उतरल्यावर वॉचमनला विचारलं तर तो आत जाऊन माझाच डबा घेऊन आला, घासूनपुसून. "ते पोरगं देऊन गेलं, मावशी, म्हणालं तूच खा. पिठलं फस्क्लास होतं."

जिन्याच्या पायरीवर बसले थोडी.

वर जे झालं ते लिहायचं राहिलं. गजानन ओरडला असता तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाला, "आजी, मले माफी नको. मले एवढंच सांगा, मी काही वाकडं बोललो होतो का? अडीच वर्सं मी तेच आठवून राह्यलो."

म्हणलं, नाही रे बाबा. टेबल सरकवा म्हणालास.

"थोडं सरकवा म्हनलो होतो ना? थोडं?"

हो. थोडं.

१४ फेब्रु., शुक्र

चौकशीच्या, प्रोबेशनच्या बाई आल्या. तरुण आहेत, पायात साधे सँडल, पाणी मागून प्यायल्या. सकाळपासून दि. मला शिकवत होता. म्हण, पोरगं देवाधर्माचं आहे, संगत चुकली, माझं ऐकतो. मोबाईलवर व्हिडिओ काढून सराव घ्यायचा म्हणाला. म्हणलं तुझ्या बापानं मला कधी बोलायला शिकवलं नाही, तू शिकवतोस.

बाईंनी सगळ्यांना बाहेर बसवलं. विचारलं, केल्याचं वाईट वाटतं का त्याला?

म्हणलं, झोपतो चांगला, जेवतो चांगला. मग डब्याचं सांगितलं. सांगायचं ठरवलं नव्हतं. बाईंनी लिहून घेतलं नाही, पेन खाली ठेवलं. मग विचारलं, तुम्ही हमी घ्याल?

विचार करून सांगते म्हणलं.

"कोर्टात विचारतील, आजी. तिथं विचार करायला वेळ नसतो."

दि. दाराशीच उभा होता, ऐकलं असणार. बाई गेल्यावर म्हणाला, सख्ख्या नातवाला आत घालायला निघालीस. एवढा चहा केलेला, कुणी प्यायलं नाही.

१६ फेब्रु., रवि

आत जाऊन तरी काय? मागच्या आळीतला एक पोरगा येरवड्यातून सुटला तर फाट्यापासून गाड्यांची रांग, फुलं, फटाके. आत गेला होता तेव्हा नुसता उनाड होता. आता त्याच्यापुढं मोठी माणसं खुर्ची सोडतात. आमच्या चौघांचं पण तेच होणार. हार मोजून ठेवले असतील अण्णांनी.

आणि घरी ठेवला तर फ्लेक्स.

म्हणजे आत गेला तरी सत्कार, बाहेर राहिला तरी सत्कार. या गावात माणसाला लाज वाटायला जागाच ठेवली नाही कुठं.

सु. रात्री पाय चेपायला आली. कधी येत नाही. म्हणाली, आई, तुम्ही हो म्हणा, मी बघते त्याच्याकडं. म्हणलं, इतकी वर्षं कोण बघत होतं? बोलून गेले. रडत उठून गेली. तिचा काय दोष. ती ओरडली की दि. म्हणायचा, पोरगाय, बाई बनवतीस का त्याला.

१८ फेब्रु., मंगळ

कोर्ट. सरकारी वकिलानं मोबाईल जजबाईंच्या पुढं धरला. फ्लेक्स, स्टेटस, फेटा, सगळं. जजबाई बराच वेळ बघत होत्या. मग चष्मा काढून विचारलं, "हा सत्कार कोणाचा?"

आमचा वकील म्हणाला, दिलगिरी व्यक्त केली आहे.

"यात दिलगिरी कुठली?"

वकील कागद चाळायला लागला. बाकावर अण्णा रुमालानं मान पुसत होते. त्यांना वाटलं होतं यानं शिक्षा कमी होईल. खरंच वाटलं होतं. शाल घातली की भांडण मिटतं, हे लहानपणापासून बघितलंय सगळ्यांनी.

ओंकारला विचारलं, काही सांगायचंय? "सॉरी मॅडम." मॅडमना सॉरी. गजानन मागच्या बाकावर बसला होता, तिकडं मान वळली नाही.

मग मला पुढं बोलावलं. बाईंचा अहवाल त्यांच्या हातात होता. हमी घेता का, आजी?

उभी राहिले. ओंकार माझ्याकडं बघत होता, अडीच वर्षांत पहिल्यांदा नीट. लहान असताना ताप आला की असंच बघायचा.

म्हणलं, "साहेब, नातू माझा हाय. भाकरी मी घालीन, आत असला तरी डबा आणीन. पण तो उद्या कुणाला हात लावणार न्हाय, ही हमी मी देऊ शकत न्हाय. मला ठाऊक न्हाय."

जजबाई म्हणाल्या, मग तुमच्या मते काय करावं?

"ते मला कळत असतं तर इथवर आलो असतो का?"

कुणीतरी हसलं. निकाल शुक्रवारी.

बाहेर व्हरांड्यात गजाननाची आई भेटली. पाण्याची बाटली पुढं केली, मी प्यायले.

२० फेब्रु., गुरु

घरात माझ्याशी कुणी बोलत नाही. बरंय, शांतता आहे. दि. ताट घेऊन वरच्या मजल्यावर जेवतो. फ्लेक्स काल उतरला, वाऱ्यानं. कुणी काढला नाही.

वकिलाचा फोन, कपड्यांची एक पिशवी बरोबर असू द्या. कुणी भरेना. अपशकुन. मी भरली. दोन बनियन, पायजमे, टॉवेल, साबण, त्याचा दम्याचा पंप. पिशवी दाराआड ठेवली. सु.नं आत नेऊन पलंगाखाली सारली. मी परत दाराआड आणली. संध्याकाळपर्यंत दोनदा झालं हे. शेवटी तिनं तिथंच राहू दिली, वर एक स्वेटर ठेवून.

२१ फेब्रु., शुक्र, सकाळी

गाडी दारात. दि. हॉर्न वाजवतोय.

ओंकार आंघोळ करून आला, केसाला पाणी. देवाला नमस्कार केला, मला नाही केला. दाराशी पिशवी बघून थांबला.

"ही माझी?"

लागली तर, म्हणलं.

चेन उघडून आत बघितलं. स्वेटर बाजूला केला, पंप हातात घेतला, परत ठेवला. काहीतरी बोलेल वाटलं. ओठ हलले पण.

"आजी, चार्जर टाकला नाहीस?"

मी पिशवीची चेन लावून टाकली.

परत हॉर्न. बंटी गाडीतून हाका मारतोय, ओम्या, चल ना भावा, लेट होतंय. सु. म्हणाली पिशवी राहू दे, उगाच कशाला, निकाल ऐकून मग बघू. ओंकारनं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

पिशवी त्यानं स्वतःच उचलली.

निघते. चपला घालायच्यात.