मेंढीचं कातडं

वेस्टरवाल्डे, फ्रीसलंड
सोमवार, १२ नोव्हेंबर १९७३

प्रिय डुर्क,

तुला, मार्गरेटला आणि मुलांना ताईचे आशीर्वाद. तुमच्या कॅनडात एव्हाना बर्फ पडलं असेल, इथे नुसता चिखल आहे. नाताळच्या कार्डाशिवाय मी कधी दोन ओळी लिहीत नाही, तेव्हा एवढं जाड पाकीट पाहून दचकू नकोस. बाबा आहेत. अठ्ठ्याऐंशी पूर्ण झाली, डोळे दोन्ही गेले, जीभ मात्र शाबूत आहे.

अरबांनी तेल अडवलं म्हणून सरकारनं दर रविवारी हॉलंडभर गाड्या बंद केल्यात. बाबा खुशीत आहेत. म्हणतात, "प्रभूचा दिवस पाळा म्हणून आयुष्यभर घसा कोरडा केला, कुणी ऐकलं नाही. आता अरबांनी पाळायला लावला!" परवा शेजारची बाउक्ये आली आणि कॉफीबरोबर दुसरं बिस्कीट घ्यायला गेली. बाबांना दिसत नाही, पण डब्याचं झाकण बरोबर ऐकू येतं. "दुसरं का, बाउक्ये?" बिचारीनं हात असा मागे घेतला की माझं हसू आवरेना.

मी अजून हूकेमांच्या पुस्तकबांधणीच्या कारखान्यातच आहे. रिंत्ये जाऊन, मी विधवा होऊन सहा वर्षं झाली, घरी बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा हे बरं. बरीचशी कामं यंत्रावर गेली, पण चांगल्या बायबलांचं कातडं अजून मीच हातानं तासते. नव्या मुली विचारतात, "डोळे मिटून कसं ओळखता, येल्त्येबाई?" मी सांगते, बकरीचं कातडं घट्ट विणीचं असतं, मेंढीचं आतून पोकळ. कडेला नखानं धरलं की पापुद्रा सुटतो. वरून बकरीसारखे दाणे उठवले तरी आतली मेंढी काही बकरी होत नाही.

हे तुला मी कशाला शिकवतेय? माझ्याहून तुझा हात जाणता. आणखी दोन पानं इकडचं तिकडचं लिहिता आलं असतं मला, पण पुरे झालं.

आपल्या चर्चमधलं व्यासपीठावरचं मोठं बायबल माझ्या टेबलावर आलंय. इतकी वर्षं पाठीला काळं कापड चिकटवून चालवलं, आता मंडळीनं नवी बांधणी करायचं ठरवलं.

तुला आठवतं, १९५४ साली या बायबलाला पुरेल एवढं मोठं, बिनडागाचं बकरीचं कातडं एकच आलं होतं. बाबांनी ते मंडळीतर्फे स्वतः निवडलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "माझ्या येल्त्येशिवाय याला कुणी सुरी लावायची नाही." मी फुगले. आणि शुक्रवारी तासताना सुरी घसरली, बरोबर पुस्तकाच्या पाठीवर येणाऱ्या जागी भोक पडलं. हूकेमा ओरडले असते, दुसरं कातडं यायला महिना लागला असता, एवढंच. पण बाबांचं ते वाक्य माझ्या कानात होतं. स्वस्तातल्या स्तोत्रपुस्तकांसाठी काळ्या मेंढीचे तुकडे यायचे, वर दाणे उठवलेले. त्यातला सर्वांत मोठा काढला, तासून पुस्तकावर चढवायला तुझ्या टेबलावर ठेवला आणि बकरीचं शेगडीत घातलं. कुणाला काही बोलले नाही.

दोन वर्षांनी पेंटेकॉस्टच्या सणाच्या रविवारी पाळकसाहेबांनी बायबल उचललं आणि पाठीचे काळे पापुद्रे त्यांच्या तळहाताला चिकटून आले. पोरं खिदळली. हूकेमांनी तपासून सांगितलं, सोन्याची अक्षरं उठवताना कातडं भाजलं, हे डुर्कचं काम. मंडळीच्या ज्येष्ठांपुढे तुला उभं केलं. बाबाही त्यांच्यातलेच. त्यांनी विचारलं, "देवाच्या वचनाच्या कामात हयगय केलीस का?" तू एवढंच म्हणालास, "पुस्तक माझ्या हातून गेलं."

मी मागच्या बाकावर होते. त्याच जूनमध्ये माझं लग्न होतं, तेही हूकेमांच्या पुतण्याशी. मी तोंड उघडलं नाही. बाबांनी तुझ्याशी बोलणं टाकलं, टेबलावरच्या प्रार्थनेतून तुझं नाव गेलं आणि सप्टेंबरात तू बोटीवर चढलास. मी स्वतःची समजूत घालत राहिले की तुला काही ठाऊक नव्हतं, आपलंच काहीतरी चुकलं असं तुला वाटलं असेल.

प्रभुभोजनाला मी सतरा वर्षं गेलेले नाही. भावाशी वाकडं ठेवून त्या मेजाशी बसायचं नसतं, हे तुला ठाऊक आहे. लोक विचारतात तेव्हा म्हणते, "अजून मी लायक नाही." लोकांना वाटतं, येल्त्ये किती नम्र! त्या कौतुकाची मला शिसारी येते रे.

गेल्या सोमवारी मी बायबलाचं जुनं कातडं सोडवलं. आपण बांधणारे आत पुठ्ठ्यावर नाव आणि साल लिहून ठेवतो, जिथे पुन्हा कुणी बघणार नसतं. तिथे पेन्सिलीनं लिहिलेलं तुझं अक्षर होतं. "हे मेंढीचं आहे. ताई घाबरली असणार. डुर्क, मार्च १९५४."

म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आणि त्या ज्येष्ठांपुढे उभा असतानाही ठाऊक होतं.

मंगळवारी जेवणानंतर बाबांना अध्याय वाचून दाखवायचा होता. मी पुस्तक मिटलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "झालं? आता वाच."

"बाबा, मी खरं सांगतेय."

"तुला भावाचा पुळका लहानपणापासूनच. त्यानं दूध सांडलं तरी 'मी सांडलं' म्हणून तूच पुढे व्हायचीस. मी मरायला टेकलोय म्हणून आता हेही आपल्या अंगावर घेतेयस."

कातड्याचा तुकडा त्यांच्या हातात दिला. "कातडं ते कातडं," म्हणाले. शेवटी पाळकसाहेबांना बोलावलं. त्यांनी पुठ्ठ्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवलं. बाबांनी पुठ्ठ्यावर बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "पेन्सिल कुणीही चालवतं, पाळकसाहेब. मी त्याला तोंडावर विचारलं होतं. त्यानं तोंडानं सांगायचं होतं. अजूनही सांगितलं तर मानेन."

पाळकसाहेब गेल्यावर मला हळूच विचारलं, "त्याचा आवाज अजून तसाच आहे का गं?" सतरा वर्षांत पहिल्यांदा. मीही कुठे ऐकलाय?

डुर्क, मी गप्प राहून खोटं चालवलं तेव्हा सगळ्यांनी विश्वास ठेवला, आणि आता खरं बोलतेय तर माझा बापच ऐकत नाही. डॉक्टर म्हणतात, नाताळ दिसणं कठीण. तुला दोषी समजून ते गेले तर मी काय करू?

पत्र पाठवू नकोस. पत्र मीच वाचून दाखवणार, आणि त्यांना वाटणार मी पदरचं वाचतेय. आपल्याकडे आता फोन आहे, नंबर पाकिटाच्या आत लिहिलाय. आमच्या दुपारी एक वाजता कर, तुमच्याकडे तेव्हा सकाळचे सात असतील. रविवार सोडून, नाहीतर ते फोन घ्यायचेच नाहीत.

आणि हे नीट ऐक. मला सांभाळून घेऊ नकोस. "ताई घाबरली होती" असं म्हणशील तर त्यांना पुन्हा वाटेल, मीच पुळक्यानं तुला पढवलंय. सरळ सांग: कातडं तिनं बदललं, तिला माहीत होतं, मला बोल लागत होता तेव्हा ती मागच्या बाकावर गप्प बसली होती. भावानं बहिणीविरुद्ध बोलायचं म्हणून तुझी जीभ अडखळेल, तरी बोल. बाबांचा हात थरथरतो, त्यामुळे रिसीव्हर त्यांच्या कानाशी मीच धरणार आहे. तुझा शब्द न् शब्द मलाही ऐकू येईल. येऊ दे.

तुझ्या गप्प बसण्यावर संसार उभा केलेली,
तुझी ताई
येल्त्ये