थांबा, हात भरलेत

तासादित वन्संना,

नमस्कार. माझा लेक मेझियान तुरुंगातून सुटून वर्ष झालं, तरी दार वाजलं की पुन्हा पोलीस आले वाटून मी पलंगाआड लपायची. नातवंडं हसायची. गोळ्यांनी नुसती गुंगी यायची, धडधड जात नव्हती. मग तुम्ही डोंगरातून अल्जियर्सला आलात आणि रोज सकाळी माझ्यापुढे रव्याची परात आदळलीत. "कुसकुस वळ."

मी घाईत पाणी ओतलं. बारीक सुटे दाणे वळायचे, तर सगळा लगदा झाला.

"घाल कोंबड्यांना. पाणी शिंपडायचं असतं. तळहात सैल सोड, पोलीस लागलेत का तुझ्या मागे?"

हसावं की परात हाणावी, कळेना. चाळीस दिवस कोंबड्या माजल्या. हळूहळू दाणे सुटे पडू लागले आणि माझा श्वासही सावकाश चालू लागला.

मेझियान नेहमी बाहेरून "आई, मीच गं" म्हणतो, मगच दार वाजवतो. काल विसरला. मी बसल्या जागेवरून ओरडले, "थांबा, हात भरलेत!" परात संपवूनच उठले. दारात लेक पांढराफटक.

"आई, तू घाबरली नाहीस?"

"पाय पूस आणि आत ये."

हे पत्र धाडणार नाही. आधीच काय कमी शेफारल्यात! पण उपकार मानते, वन्सं.

तुमची भावजय,
फरूजा